घरासाठी कुटुंबाचं तैलचित्र काढून घेताना

कुटुंबाचं तैलचित्र बिघडतं ते बहुधा चित्रकाराला दिलेल्या फोटोंमुळे. लग्नातले आजोबा, सेल्फीतली सून आणि ओळखपत्रावरचा नातू एकाच कॅनव्हासवर आले, की प्रत्येकाच्या नाकाची सावली वेगळ्या बाजूला पडते. चेहरे हुबेहूब उतरले तरी माणसं एका खोलीत बसलेली वाटत नाहीत.

चित्रात हयात नसलेलं कुणी असेल तर सुरुवात त्यांच्या जुन्या फोटोपासून करा. त्यातला उजेड आता बदलता येणार नाही. तो ज्या बाजूने आला आहे त्याच बाजूला खिडकी येईल असं बाकीच्यांना बसवा. थेट ऊन नको, फ्लॅश आणि खोलीतले दिवे बंद. मोबाईल बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि सात-आठ फुटांवरून झूम करून फोटो काढा. जवळून काढला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. ब्यूटी फिल्टर बंद हवाच.

जुना फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करून मूळ फाइल द्या. स्टुडिओवाले पूर्वी सुरकुत्या आणि तीळ पुसून टाकत, म्हणून त्याच माणसाचा एखादा साधा, घरगुती फोटोही जोडा. फोटो आरशासारखा उलटा (डावं-उजवं बदलून) छापलेला नाही ना, हेही बघा. पदर डाव्या खांद्यावर, नथ डाव्या नाकपुडीत, पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर, एवढ्या खुणा पुरतात. उलट्या फोटोवरून काढलेल्या चेहऱ्यात भांग दुसऱ्या बाजूला जातो, जी भुवई वर असायची ती खाली येते आणि घरच्यांना तो चेहरा परका वाटतो. पैठणी असेल तर साडीच चित्रकाराकडे द्या, धूपछाँव रंग फोटोत नीट येत नाही.

चित्रकार निवडताना त्याने माणूस समोर बसवून केलेली कामं पाहायला मागा. जे.जे.त किंवा कोल्हापूर-पुण्याच्या कलाशाळांत मॉडेलवरून शिकलेल्यांकडे अशी कामं असतातच. सावळ्या कातडीच्या सावल्या नुसत्या काळपट-तपकिरी दिसत असतील तर तिथे काम देऊ नका. कॅनव्हासवर प्रिंट काढून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेली ‘हँडमेड’ चित्रंही विकली जातात. बाजूने टॉर्च मारा: खऱ्या चित्रात ब्रशचे फटकारे गालाच्या, घडीच्या वळणाने जातात, प्रिंटवरचे कसेही फिरतात.

दोघांच्या छातीपर्यंतच्या चित्राला २४×३० इंच पुरतं, चार-पाच जणांना कमरेपर्यंत घ्यायचं तर ३६×४८. डोकं हनुवटीपासून माथ्यापर्यंत पाच इंचांपेक्षा लहान होऊ देऊ नका. लहान चेहऱ्यात ओठाचा कोपरा केसभर हलला तरी भाव बदलतो. त्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद आधी भिंतीवर चिकटवून पाहा.

करार लेखी हवा: माप, माध्यम, किती चेहरे, हात दिसणार का (हातांना वेळ लागतो), दुरुस्त्या किती. पैसे तीन हप्त्यांत: आगाऊ, रेखाटन पसंत पडल्यावर, चित्र ताब्यात घेताना. पूर्ण मापाचं कोळशाचं रेखाटन घरातल्या मोठ्यांनी नीट पाहायला हवं. त्याचा फोटो आरशासारखा उलटा करून बघितला की तिरकं बसलेलं तोंड लगेच कळतं. रंग चढल्यावर डोळा थोडा जरी सरकवायचा म्हटलं तरी अर्धा चेहरा पुन्हा रंगवावा लागतो. आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा असतो; चित्रकाराला ते स्वतःच्या जाहिरातीत वापरायचं असेल तर तेही लिहून ठेवा.

साठीला किंवा वास्तुशांतीला चित्र हवं असेल तर पाच-सहा महिने आधी काम द्या. तैलरंग हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होतात. हाताला कोरडे लागले तरी आतून ओले असतात, म्हणून शेवटचं वॉर्निश सहा महिने ते वर्षभराने लावायचं. ते लावून देणं करारातच धरा.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि कॅनव्हासला मागून बुरशी धरते. शक्यतो आतली भिंत निवडा आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना अर्ध्या इंचाचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते. देवघराच्या वर नको, समई-उदबत्तीची काजळी बसते. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका. नवं चित्र गुंडाळून काळोखात ठेवलं तर जवसाच्या तेलामुळे पांढरे भाग पिवळट होतात. उन्हापासून लांब पण उजेडात टांगल्यावर तो पिवळेपणा बराच निवळतो.