कॉन्फिकर काढला एकदाचा (माझा अनुभव)
२००९ ची गोष्ट, ऑफिसात सगळे पीसी एक्सपीवाले, आणि एकेकाचं लॉगिन आपोआप लॉक व्हायला लागलं, ॲंटीव्हायरसच्या साईट उघडेनात, विंडोज अपडेट बंद, बाकी नेट मात्र मस्त चालू. तेव्हाच वाटलं हा कॉन्फिकर वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस), कारण तो अशा साईटची नावंच अडवतो आणि नेटवर्कवर शेअर केलेल्या फोल्डरवर पासवर्डचे अंदाज मारत बसतो म्हणून अकाउंट लॉक होतात. पेनड्राईव्ह लावला की ऑटोप्लेच्या (आपोआप उघडणाऱ्या) खिडकीत फोल्डर उघडायचा पर्याय दोनदा दिसायचा, त्यातला वरचा खोटा! (डोकं लावलंय राव, मानलं.)

आधी सगळ्यांच्या लॅन केबल काढल्या, नाहीतर एक साफ करेपर्यंत शेजारच्या पीसीवरून तो परत घुसतो. मग घरच्या चांगल्या पीसीवरून केबी९५८६४४ पॅच (वर्म ज्या भोकातून घुसतो ते बुजवणारा विंडोजचा अपडेट) आणि मायक्रोसॉफ्टचं रिमूव्हल टूल सीडीवर घेतलं, सीडीच हां, पेनड्राईव्हवर तो लगेच बसतो. टूल चालवलं, पॅच टाकला, रिस्टार्ट, शेड्यूल्ड टास्कमधले वर्मने टाकलेले 'एटी१' छाप जॉब उडवले, ऑटोरन (पेनड्राईव्हवरचं आपोआप चालू होणं) बंद. ॲडमिनचा पासवर्ड १२३४ होता, साहेब कुरकुरले पण बदलला. पॅच तर ऑक्टोबर २००८ मध्येच आलेला, वर्म नंतर नोव्हेंबरात! सगळी मशीन झाल्यावरच केबल लावल्या.