जुन्या हायब्रिड गाडीत विचित्र वास येतोय? आधी या चुका टाळा

सेकंड-हँड हायब्रिड (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी गाडी) घरी येते, पहिले दोन-चार दिवस नवलाईत जातात आणि मग कुणीतरी विचारतं, "आत कसला वास येतोय?" यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: डॅशबोर्डवर सुगंधाची डबी. इथेच पहिली चूक होते. वास कशाचा हे कळण्याआधीच आपण त्यावर दुसरा वास चढवतो आणि माग काढण्याचं एकमेव साधन, म्हणजे आपलं नाक, बोथट करून टाकतो. गाडी घेतानाच आत उग्र अत्तराचा घमघमाट असेल, तर मला आधी संशय येतो.

डबी काढा, काचा लावून गाडी रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी एकच दार उघडून वास घ्या. दुसऱ्या दिवशी दुसरं दार, तिसऱ्या दिवशी डिकी. पहिल्या दोन-तीन श्वासांत जे कळतं ते पाच मिनिटांनी कळत नाही, कारण नाकाला सवय होते. रोज गाडी चालवणाऱ्याचं मत तर या बाबतीत धरूच नये.

दुसरी चूक म्हणजे वास कुठून येतो हेच शोधत बसणं. आधी केव्हा येतो ते टिपून ठेवा. हायब्रिडमध्ये एक सोय असते जी साध्या गाडीत नाही: इंजिन बंद असतानाही गाडी चालते. वास फक्त इंजिन सुरू झाल्यावर येत असेल, तर गळकं एक्झॉस्ट किंवा तापलेल्या भागावर ठिबकणारं ऑइल तपासा. एसी लावल्यावर पहिल्या मिनिटाला कुबट वास आला, तर केबिन फिल्टर, एसीची कॉइल आणि पाणी बाहेर सोडणारी नळी. बाहेरची हवा आत घेतल्यावरच येत असेल, तर उगम बहुधा बॉनेटखाली. मात्र ही तपासणी बंद गॅरेजमध्ये करू नका. गाडी 'रेडी', म्हणजे चालू करून निघायला तयार, असताना चिडीचूप असते, पण बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा सीटमागे असते आणि ती थंड ठेवायला केबिनमधलीच हवा पंख्याने ओढली जाते. मागच्या सीटच्या कडेला किंवा खाली एक जाळी दिसते, तीच ती. तिच्यावर सीट कव्हर ताणलेलं असतं, बॅगा टेकवलेल्या असतात, पाळीव प्राण्यांचे केस अडकलेले असतात. एसीची साफसफाई करून देणारे या वाटेकडे सहसा फिरकत नाहीत.

माझ्याच गाडीचं सांगतो. वास फक्त मागे बसणाऱ्यांना यायचा, तोही उन्हातून तासभर चालवल्यावर. मी केबिन फिल्टर बदलला, कॉइल धुऊन घेतली, सीट शाम्पूने घासल्या. विकणाऱ्याचं उत्तर होतं, "जुन्या गाडीला थोडा वास असायचाच." शेवटी मुलीने सांगितलं, "बाबा, मागचा पंखा जोरात फिरायला लागला की वास येतो." बॅटरी तापली की हा पंखा वेग वाढवतो, एवढं मला माहीत होतं; दोन गोष्टी जोडल्या मात्र तिने. गॅरेजमध्ये पंख्याची हवा वाहून नेणारी नळी उघडली तर आत उंदराचं घरटं: कागदाचे कपटे, सीटचा फोम आणि बाकीचं सांगत नाही.

असं काही सापडलं तर सुकी लेंडी झाडू नका, हवा मारून उडवूही नका. जंतुनाशकाने ओली करा, हातमोजे आणि मास्क घालून पुसून काढा. पण हे जाळीपर्यंतच. पुढचं काम हायब्रिड जाणणाऱ्या मेकॅनिकचं. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत ही बॅटरी सुमारे २०२ व्होल्टची आहे. नारिंगी वेष्टणाच्या केबल दिसल्या की हात मागे घ्यायचा.

सडक्या अंड्यासारखा वास आला की लोक मोठ्या बॅटरीला दोष देतात. दोषी बऱ्याचदा दुसरी, साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. काही हायब्रिडमध्ये ती बॉनेटखाली नसून डिकीत असते. प्रियसच्या दुसऱ्या पिढीत उजव्या कोपऱ्यात. तिच्यातला वायू बाहेर सोडायला बारीक नळी असते. आधीच्या मालकाने स्वस्तात भलतीच बॅटरी बसवली किंवा नळी जोडायची राहिली, तर तो वायू तुमच्या पाठीमागेच साठतो. त्यात हायड्रोजनही असतो, तेव्हा काचा उघडा, ठिणगी टाळा आणि बॅटरी लगेच तपासून घ्या.

गोडसर वास, आतून काचेवर चिकट धुकं आणि पायाखालचं कार्पेट ओलं, असं त्रिकूट दिसलं तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतंय. बॉनेट उघडून पातळी बघताना घोळ होतो, कारण अनेक हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरसाठी (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा भाग) कूलंटची वेगळी टाकी असते. ती भरलेली पाहून इंजिनच्या टाकीबद्दल निश्चिंत राहू नका.

कुबट वासावर सीट शाम्पू करणं हा माझाही आवडता गैरसमज होता. वरचं कापड वाळतं, कार्पेटखालचा जाड फोम ओलाच राहतो आणि आठवड्याने वास परत. शिवाय मागच्या सीटवर बादलीने पाणी ओतलं तर ते कुठे झिरपेल याचा विचार करा. आधी स्टेपनीचा खड्डा उघडून बघा. टेललाइटच्या सीलमधून आलेलं पाणी तिथे साचतं. खड्ड्यात गाळ, सीटच्या रुळांवर गंज आणि पूर्ण ओढलेल्या सीटबेल्टवर डागाची रेघ असेल, तर गाडी पुरात बुडाली होती असं समजा. अशा हायब्रिडला वास काढण्याचा खर्च करू नका, परत करता येते का ते बघा.

वास मारायला ओझोन वायू सोडणाऱ्या मशीनची जाहिरात मोहक असते. घरटं किंवा ओला फोम आत असताना ते लावणं व्यर्थ, वर रबराचं नुकसान होतं आणि श्वासालाही ते वाईट.

पेट्रोलचा, जळक्या प्लास्टिकचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर नोंदी ठेवत बसू नका. गाडी मोकळ्या जागेत थांबवा, बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि ती टो करून न्या. शेवटचा वास लिथियम बॅटरीतल्या द्रावणाचाही असू शकतो.