जुन्या व्हॅनचं कूलंट बदलताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रंग बघून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) घेणं. गाडीतल्या कूलंटच्या टाकीत हिरवं दिसलं की हिरवं आणायचं, लाल दिसलं की लाल. अहो रंग हा नुसता डाय असतो, त्याला कुठलंही पक्कं स्टँडर्ड नाही, एका कंपनीचं हिरवं जुन्या, गंज रोखायला सिलिकेट वापरणाऱ्या पद्धतीचं असतं आणि दुसऱ्या कंपनीचं तसंच हिरवं आतून पूर्ण वेगळं निघू शकतं. बघायचं ते मॅन्युअलमधलं आणि डब्याच्या मागे छापलेलं स्पेसिफिकेशन.

जुन्या व्हॅनला हे जास्त लागू होतं, कारण तिच्या रेडिएटरमध्ये बऱ्याचदा तांबं-पितळ असतं आणि सांधे शिशाच्या सोल्डरचे. अशा गाडीला जुन्या पद्धतीचं, म्हणजे आयएटी प्रकारचं कूलंट सहसा जास्त मानवतं. नवीन लाँग लाइफ म्हणजे ओएटी कूलंट ५ वर्षं चालतं म्हणून मोह होतो, पण ते मुख्यतः ॲल्युमिनियमच्या रेडिएटरवाल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं, त्यातली बरीचशी सोल्डरला नीट सांभाळत नाहीत. आयएटी साधारण २ वर्षांनी बदलावं लागतं, हे खरं, पण रेडिएटर गळण्यापेक्षा ते परवडलं. मात्र मध्ये कुणी रेडिएटर बदलून ॲल्युमिनियमचा बसवला असेल तर हिशोब बदलतो, म्हणून आधी आपल्या गाडीत आत्ता काय आहे ते बघा. जुनं डिझेल इंजिन वेट लायनरचं असेल (म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागत असेल) तर हेवी ड्युटी डिझेलसाठीचंच कूलंट घ्या, नाहीतर लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडत जातात.

दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. कधीकधी त्याचा चिकट गाळ होतो, आणि गाळ नाही झाला तरी गंज रोखणारी रसायनं लवकर संपतात.

आता पाणी. "आमच्याकडे थंडी पडतच नाही, मग साधं पाणी चालेल की" असं खूप जण म्हणतात आणि इथेच इंजिन आतून गंजायला सुरुवात होते. कूलंटचं अर्धं काम गंज रोखायचं आहे, आणि नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतात ते वेगळंच. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. उलट चूकही होते बरं का, जास्त चांगलं म्हणून बिनपाण्याचं कॉन्सन्ट्रेट ओतायचं. अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं आणि नुसतं एथिलिन ग्लायकॉल (कॉन्सन्ट्रेटमधलं मुख्य रसायन) उणे १३ च्या आसपासच, शिवाय ते पाण्याएवढी उष्णता वाहूनही नेत नाही.

काम करताना इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरची कॅप उघडायची नाही, आतलं प्रेशर उकळतं कूलंट थेट तोंडावर फेकतं. नुसता रेडिएटर रिकामा करून थांबू नका, इंजिनच्या ब्लॉकमध्ये बरंच जुनं कूलंट राहतं. ब्लॉकचा ड्रेन प्लग असेल तर तोही उघडा, हीटर फुल गरमवर ठेवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश करा, शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने. एवढं करूनही आत थोडं पाणी उरतंच, म्हणून तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. त्यापेक्षा मॅन्युअलमध्ये क्षमता ८ लिटर असेल तर आधी ४ लिटर कॉन्सन्ट्रेट घाला आणि मग बसेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर. काढलेलं कूलंट लगेच झाकणाच्या डब्यात भरा. ते गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही तेवढाच धोका. गटारात तर अजिबात ओतू नका.

व्हॅनची खरी डोकेदुखी म्हणजे हवा. इंजिन सीटखाली किंवा मागे आणि रेडिएटर पुढे असेल तर मधल्या लांब पाइपांमध्ये हवा अडकते, वरून कूलंटची टाकी भरलेली दिसते पण इंजिन तापतं आणि हीटर मात्र गारच. गाडीचं नाक थोडं वर करा, हवा काढायचे ब्लीड स्क्रू असतील ते उघडा, हळूहळू भरा आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर लेव्हल परत बघा, बहुतेक थोडी उतरलेली असतेच.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नाही. मग इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल-डिझेल जास्त पितं आणि झिजतं. बदलायचा असेल तर नवा घाला, सोबत कॅपचं रबर कडक झालंय का तेही बघा, कारण कॅप प्रेशर धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं. गळती बंद करणारी पावडर किंवा लिक्विड टाळा, भोक बुजो न बुजो, हीटरच्या बारीक नळ्या चोंदतात.

आणि हे सगळं नीट करूनही लेव्हल सारखी उतरत असेल, खाली एक थेंबही दिसत नसेल, तर ऑइल कॅपच्या आतून दुधाळ थर आहे का, गरम इंजिनच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय का, कूलंटच्या टाकीत सारखे बुडबुडे येतायत का ते बघा. यातलं काही दिसलं तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय धरा, गाडी चालवणं थांबवा आणि आधी प्रेशर टेस्ट करून घ्या.