नुसती लिंक टाकून कोणी येत नाही: सोशल मीडियावरून साइटवर लोक कसे आणायचे

बहुतेक जण काय करतात, लेख पब्लिश झाला की लिंक कॉपी करतात, फेसबुक, एक्स, लिंक्डइन, व्हॉट्सॲपचे चारपाच ग्रुप सगळीकडे तीच पेस्ट करतात, वर "नवीन लेख, नक्की वाचा" लिहितात आणि मोकळे होतात. मग दोन लाइक येतात, तेही न वाचता, आणि क्लिक जवळपास शून्य. खरं काम पोस्ट करायच्या आधीचं आहे आणि ते कोणी करत नाही, म्हणून इथे त्यावरच जास्त लिहितोय.

सगळ्यात आधी प्रिव्ह्यू बघा. लिंक टाकल्यावर खाली जो फोटो, टायटल आणि दोन ओळी दिसतात ना, ते आपोआप आल्यासारखं वाटतं पण ते तुमच्या पेजच्या कोडमधल्या ओपन ग्राफ टॅगमधून येतं. फेसबुकने हे 2010 मध्ये आणलं, आता व्हॉट्सॲप, लिंक्डइन सगळेच तेच वाचतात. वर्डप्रेस असेल तर एखादा एसइओ प्लगिन (साइट सर्चमध्ये वर यावी म्हणून जोडायचं तयार सॉफ्टवेअर) टाकला की हे टॅग भरायला सरळ बॉक्स मिळतात, कोडला हात लावायची गरज नाही. फोटो 1200 बाय 630 पिक्सेलचा ठेवा, आणि हलका ठेवा, फार जड झाला तर व्हॉट्सॲपवर दिसतच नाही. फोटोवर बारीक अक्षरात काही लिहू नका, मोबाइलवर कोणाला वाचता येणार आहे ते!

आता एक भानगड हमखास होते. तुम्ही फोटो बदलता, साइटवर नवीन दिसतो, पण फेसबुकवर जुनाच येत राहतो. कारण फेसबुकने आधीचा साठवून ठेवलेला असतो. त्यांचं शेअरिंग डीबगर नावाचं फुकट टूल आहे, तिथे लिंक टाकायची आणि स्क्रेप अगेन दाबायचं, झालं. लिंक्डइनसाठी पोस्ट इन्स्पेक्टर आहे, काम तेच. आणि व्हॉट्सॲपवर लिंक पेस्ट केली की लगेच सेंड दाबू नका, प्रिव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो, तो उमटेपर्यंत जरा थांबा, नाहीतर समोरच्याला नुसती निळी लिंक जाते आणि ती कोणी उघडत नाही.

मग येतो मजकूर. समजा तुमचा लेख कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी का पडतात यावर आहे. "पानं पिवळी पडतायत? कारण जाणून घेण्यासाठी लिंकवर क्लिक करा" हे आता कोणालाच खेचत नाही, लोकांना या असल्या ओळींचा वीट आलाय. त्याऐवजी असं लिहून बघा: "पानं पिवळी पडली की आपण अजून पाणी घालतो, आणि बऱ्याचदा दुखणं तेच असतं. माती बोटभर खाली ओली लागत असेल तर आधी पाणी थांबवा. बाकीची कारणं कशी ओळखायची ते लेखात फोटोंसकट आहे." बघा, क्लिक न करणाऱ्यालाही काहीतरी मिळालं, आणि ज्याचं झाड खरंच मरतंय तो क्लिक करणारच. सगळं पोस्टमध्येच सांगून टाकलं तर साइटवर कोण येईल असं वाटतं खरं, पण हातचं राखून लिहिलेली पोस्ट कोणी शेअरही करत नाही. आणि लेख आपलाच आहे हे सरळ सांगा की, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. "मला हा एक छान लेख सापडला" वगैरे लिहिलेलं लोकांना लगेच कळतं.

एकच मजकूर सगळीकडे चालत नाही, कारण प्रत्येक ॲपचे नियम वेगळे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेल्या लिंकवर क्लिकच होत नाही, तरी लोक अजून टाकतात! तिथे बायोमध्ये लिंक द्या, आता एकापेक्षा जास्त देता येतात, किंवा स्टोरीत लिंक स्टिकर लावा, तो 2021 पासून सगळ्यांना मिळालाय. यूट्यूब शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शन आणि कमेंटमधल्या लिंक 2023 पासून बंद केल्यात, मोठ्या व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमध्ये मात्र चालतात. एक्सवर लिंक कितीही लांब असली तरी 23 अक्षरंच मोजली जातात, त्यामुळे तेवढ्यासाठी शॉर्टनर, म्हणजे लिंक छोटी करून देणारं टूल, वापरायची गरज नाही, उलट शॉर्ट लिंक बघून ही कुठे नेईल म्हणून लोक बिचकतात. रेडिटवर आणि फेसबुकच्या ग्रुपमध्ये आधी नियम वाचा, आल्या आल्या स्वतःची लिंक टाकलीत तर ॲडमिन काढून टाकतो, आणि बरोबरच करतो. आधी थोडे दिवस लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, मग तुमची लिंक खपते.

अजून एक, स्वतःची लिंक इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या आतून उघडून बघा. ती ॲपच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे कुकीचा बॅनर, न्यूजलेटरचा पॉपअप आणि जाहिरात एकावर एक येऊन लेख दिसतच नाही अशा साइट्स भरपूर आहेत. इतकी मेहनत करून आणलेला माणूस तिथून परत जातो.

शेवटी मोजायचं कसं. लिंकच्या मागे यूटीएम जोडा, म्हणजे माणूस कुठून आला (सोर्स), कशा मार्गाने आला (मीडियम) आणि कुठल्या मोहिमेतून आला (कॅम्पेन) हे सांगणारे छोटे शब्द, गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये मग कोण कुठून आलं ते वेगवेगळं दिसतं. हे व्हॉट्सॲपसाठी तर करायलाच हवं, नाहीतर तिथून आलेले बरेचसे लोक डायरेक्टमध्ये, म्हणजे कुठून आले ते माहीत नसलेल्यांत, मोजले जातात आणि तुम्हाला वाटतं व्हॉट्सॲपचा काही उपयोग नाही. यूटीएममधली नावं कायम इंग्रजी स्मॉल लेटर्समध्येच लिहा, एकदा कॅपिटल आणि एकदा स्मॉल लिहिलं तर दोन वेगळे सोर्स धरले जातात. साइटच्या आतल्या आतल्या लिंकना यूटीएम लावू नका, त्याने सगळा हिशोब बिघडतो. आणि महिनाभराने बघताना नुसते क्लिक बघू नका, आलेला माणूस किती थांबला, दुसरं पान उघडलं का, ते बघा. ज्या ठिकाणाहून येणारे दोन सेकंदात पळतात तिथे रोज पोस्ट टाकणं बंद करा आणि तो वेळ जुन्या चांगल्या लेखाची नवीन पोस्ट लिहायला वापरा, तोच लेख वेगळ्या मुद्द्यावरून परत टाकला तरी चालतो, पहिल्या वेळी बहुतेकांनी तो बघितलेलाच नसतो.