नामांकित हिऱ्याचा इतिहास कसा पडताळावा

जगप्रसिद्ध हिऱ्याची कहाणी हाती आली की पडताळणीची सुरुवात किमतीपासून न करता वजनापासून करावी. सांगोवांगीत मालकांची नावे सहज बदलतात, वजनाचा मेळ मात्र घालून दाखवावा लागतो.

आकडा कोणत्या कॅरटमधला आहे, हे आधी पाहावे. आजचा कॅरट २०० मिलिग्रॅमचा असून इंग्लंडचा जुना कॅरट त्याहून किंचित जड होता. त्यामुळेच कोहिनूरचे वजन कुठे १८६, तर कुठे १९१ कॅरट दिलेले आढळते. १८५२ मध्ये लंडनला नव्याने पैलू पाडल्यावर तो १०५.६ कॅरटचा उरला. पैलू पाडताना वजन घटणारच; ते वाढलेले दिसले, तर परिमाणात चूक आहे किंवा दोन वेगळे हिरे एक समजले गेले आहेत.

त्यानंतर मालकीची साखळी आजपासून मागे लावत न्यावी आणि प्रत्येक दुव्यापाशी त्याच काळातला कागद शोधावा. या कामाचा उत्तम धडा ‘होप’ नावाच्या निळ्या हिऱ्याकडून मिळतो. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याने हिंदुस्थानातून नेलेला निळा हिरा फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने विकत घेऊन पुन्हा घडवला, आणि सप्टेंबर १७९२ मध्ये तो पॅरिसमधून चोरीस गेला. बरोबर वीस वर्षांनी, सप्टेंबर १८१२ मध्ये, लंडनच्या एका टिपणात तशाच रंगाच्या, पण लहान हिऱ्याची नोंद दिसते. दोन्ही एकच, हा तर्क जुना होता. त्याला भक्कम आधार मिळाला तो पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात २००७ साली सापडलेल्या शिशाच्या प्रतिकृतीमुळे, कारण चोरीस गेलेल्या हिऱ्याच्या त्या प्रतिकृतीच्या आकारात आजचा ४५.५२ कॅरटचा होप बसतो. म्हणून चित्रे, साचे आणि मापे यांना मी आठवणींपेक्षा अधिक मान देतो.

अशा हिऱ्यांना चिकटलेल्या शापाच्या गोष्टी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. ताव्हेर्निएला कुत्र्यांनी फाडले असे सांगतात. वास्तविक तो ऐंशी ओलांडल्यावर रशियात वारला.

किमतीबाबत एवढेच पाहावे की आकडा प्रत्यक्ष विक्रीचा आहे की अंदाजाचा. ५९.६० कॅरटचा गुलाबी ‘पिंक स्टार’ २०१७ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे ७ कोटी १२ लाख डॉलरना गेला, ही नोंद आहे. लिलावात कधीच न आलेल्या कोहिनूरची किंमत हा केवळ अंदाज आहे.

हीच रीत आपल्या नाशिकच्या हिऱ्याला लावून पाहावी. आजचे ४३.३८ कॅरट वजन हे १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी केलेल्या घडणीचे आहे. त्याआधी तो इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे, म्हणजे तिथल्या एका उमरावाकडे होता, आणि त्याच्याही मागे १८१८ साल येते, जेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर इंग्रजांनी सुमारे ९० कॅरटचा हा हिरा ताब्यात घेतला. त्याही पूर्वी तो त्र्यंबकेश्वराच्या चरणी होता, ही परंपरा मला प्रिय आहे. तरीही टिपणात ती ‘परंपरेनुसार’ या शब्दासह वेगळ्या रकान्यातच लिहावी.