दीवला वऱ्हाड निघालंय? या चुका टाळा

लग्न दीवला आहे असं पत्रिकेत वाचलं की बडोद्याच्या वऱ्हाडात दोन बेत लगेच शिजू लागतात. एक गट म्हणतो, दीव ते केवढंसं, एका दुपारी उरकू. मग सोमनाथ, मग सासणचे सिंह. दुसऱ्या गटाचा बेत काय असतो ते दारूबंदी असलेल्या बडोद्यात कुणाला सांगावं लागत नाही. बहुतेक वेळा दोन्ही बेत फसतात. बेट जेमतेम अकरा किलोमीटर लांब आहे हे खरं, पण तिथे काय केव्हा पाहायचं हे अंतरावर ठरत नाही. ते ठरतं उन्हावर, भरती-ओहोटीवर आणि गुजरातच्या हद्दीवर. त्यात वरून मुहूर्त.

पहाटे सहाला पोचायचं आणि अकरापर्यंत लॉबीत बसायचं

वसद, तारापूर, वटामण, भावनगर, महुवा, उना आणि दीव हा नेहमीचा रस्ता. चहापाण्याचे थांबे धरले तर वऱ्हाडाच्या बसला आठ-नऊ तास लागतात. रात्री नऊला दांडिया बाजारातून निघालेली बस पहाटे सहाच्या सुमाराला पोचते आणि खोल्या मिळतात अकरा-बाराला. पन्नास माणसं, दोनच स्वच्छतागृहं, आणि आत्याबाईंना आंघोळीआधी चहाही चालत नाही. खोल्या आदल्या रात्रीपासून घ्यायच्या म्हटलं तर खर्च दुप्पट. त्यापेक्षा यजमानांकडून फक्त चार-पाच खोल्या पहाटेपासून ठरवून घ्याव्यात. पन्नास जणांना आळीपाळीने आंघोळ करून कपडे बदलायला तेवढ्या पुरतात. दोन तासांत मंडळी तयार होतात आणि आठ वाजता किल्ला उघडतो, म्हणजे सकाळ फुकट जात नाही.

बस ठरवताना मालकाला दीवचं नाव स्पष्ट सांगा. दीव गुजरातेत नाही. २६ जानेवारी २०२० पासून ते दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव या एकत्रित केंद्रशासित प्रदेशात आहे. गाडीला फक्त गुजरातचं परमिट असेल तर हद्दीवर अडचण येते. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे ना, हे बयाणा देण्याआधीच विचारलेलं बरं.

‘फेरीने जाऊ, मजा येईल’ असं सुचवणारा एक भाचा प्रत्येक वऱ्हाडात असतो. हजिरा ते घोघा ही फेरी सुरतकरांसाठी सोयीची आहे. बडोद्याहून आधी दक्षिणेला सुरतेपर्यंत उतरायचं, बोटीत काही तास काढायचे आणि घोघ्यानंतर पुन्हा महुवा-उना रस्ता आहेच. वेळ वाचत नाही, उलट वाढतो. रेल्वेने जाणारे वेरावळचं तिकीट काढतात आणि तिथून रिक्षाने दीव गाठू म्हणतात. वेरावळ ते दीव अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. गाडी आधीच ठरवलेली हवी.

किल्ला जेवणानंतर ठेवणं

ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. लग्नघरचं जेवण, मग वामकुक्षी, मग तीन वाजता किल्ला. आत सावली जवळपास नाही, दगड तापलेले, बुरुजांवर जायचे चढ उघडे. निम्मी मंडळी पहिल्या दरवाजातूनच परततात. किल्ला सकाळी आठ ते दहा या वेळेतच पाहावा. माणशी एक लिटर पाणी बरोबर घ्यावं आणि पायांत रबरी तळव्याचे बूट किंवा पट्ट्याच्या चपला घालाव्यात. दगड कुठे गुळगुळीत झालेले आहेत, कुठे उखडलेले. टाचेच्या चपला इथे हमखास दगा देतात, आणि मुरगळलेला पाय घेऊन दुसऱ्या दिवशी अक्षता टाकायला उभं राहणं म्हणजे शिक्षाच.

जायचं तर काय पाहतोय ते ठाऊक असावं, नाहीतर नुसत्या तोफा मोजून लोक परत येतात. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने हुमायूनच्या धास्तीने १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली आणि १५३५ साली दीवला किल्ला बांधायची मुभा दिली. दोनच वर्षांनी, १५३७ मध्ये, पोर्तुगिजांशी बोलणी करून परतताना दीवच्या समुद्रात तो मारला गेला. पुढे १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे या किल्ल्याने सोसले; पहिल्यात गुजरातच्या बाजूने तुर्की आरमारही उतरलं होतं. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडेच राहिलं. दोन खंदक आहेत. बाहेरच्या खंदकात समुद्राचं पाणी खेळतं, म्हणून भरतीला तो वेगळा दिसतो आणि ओहोटीला वेगळा. खाडीच्या बाजूच्या तटावरून पाण्यात उभा असलेला पाणीकोठा, म्हणजे छोटा जलदुर्ग, दिसतो. फोटोला तीच जागा चांगली.

किल्ल्यानंतर सेंट पॉल चर्च. १६१० मध्ये पुरं झालेलं हे चर्च आजही पूजेत आहे. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी घोळका करून आत शिरू नये, आणि नवरा-नवरीचे फोटो वेदीसमोर काढायचे असतील तर आधी विचारावं. कोरीव लाकडाची ती वेदी शांतपणे पाहण्यासारखी आहे.

नायडा गुंफांचं गणित मात्र उलटं. तिथे सकाळी लवकर गेलात तर आत अंधार. दगड खणून काढल्याने झालेल्या त्या पोकळ्यांत छताच्या भोकांतून ऊन उतरतं, त्यासाठी सूर्य डोक्यावर हवा. अकरा ते एकच्या दरम्यान जावं. किल्ला, चर्च आणि मग नायडा असा क्रम लावला तर उन्हाच्या वेळी आपण गारव्यात असतो. जमीन खडबडीत आहे, गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी तोंडाशीच बसावं.

भरतीची वेळ न पाहता गंगेश्वरला जाणं

फुदम गावाजवळ कड्याखाली गंगेश्वर आहे. पाच शिवलिंगं, आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावरून जातात. लोक जातात ते लाटांचा अभिषेक पाहायला. पोचतात ओहोटीला, कोरडी लिंगं पाहतात आणि ‘एवढंच?’ म्हणून परततात. काही जण ऐन भरतीला जाऊन पायरीवरून घसरतात. भरती पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी पोचणं सगळ्यांत चांगलं. पाणी चढताना दिसतं आणि उभं राहायला जागाही असते.

वेळ काढायची कशी? पत्रिकेत तिथी छापलेली असतेच. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. लग्न वद्य पंचमीला असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमाराला एक भरती, पहाटे चारच्या आसपास एक, आणि सकाळी दहाच्या आगेमागे ओहोटी. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशी ती तीनच्या सुमाराला असणार. दीवला या हिशोबात तासाभराचा फरक पडू शकतो. बेत आखायला तो पुरतो. निघण्यापूर्वी हॉटेलवाल्याला विचारून किंवा भरतीचं कोष्टक पाहून वेळ पक्की करा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पाणी जास्त चढतं, तेव्हा लहान मुलांना खालच्या पायऱ्यांवर सोडू नका.

समुद्रात उतरायचं तर नागवा किंवा घोघला. जालंधरचा किनारा खडकाळ आहे, तो बसायला बरा. नागव्याला शनिवार-रविवारी आणि दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत गुजरातेतून एवढी गर्दी लोटते की वाळू दिसत नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना हा त्रास कमी, नाताळात पुन्हा तोच. फोटोग्राफरने ड्रोन आणला असेल तर नागव्याला उडवू देऊ नका; विमानतळ शेजारीच आहे. एरवीही ड्रोन उडवण्याआधी परवानगी लागते का ते विचारून घ्या.

हद्द विसरणं

आता दुसऱ्या गटाचा बेत. दीवमध्ये दारूची दुकानं उघडी आहेत, पिण्याला मनाई नाही. पण बाटली उन्याच्या दिशेने निघाली की दारूबंदीचा कायदा लागू होतो. परतीच्या बसची नाक्यावर झडती होऊ शकते. एका पिशवीत एक बाटली सापडली तरी पन्नास माणसांची बस खोळंबते, गुन्हा नोंदवला जातो आणि गाडी अडकून पडू शकते. बसमध्ये आजी आहेत, नवपरिणीत जोडपं आहे, रुखवताचा ट्रंक आहे. पोलीस ते बघत नाहीत.

यात तीन गैरसमज नेहमीचे. पहिला, ‘माझ्याकडे हेल्थ परमिट आहे.’ तब्येतीच्या कारणावरून मिळणारं ते परमिट गुजरातेतल्या परवानाधारक दुकानातून दारू घेण्यासाठी असतं, दीवहून आणण्यासाठी नाही. दुसरा, ‘सील फोडलेली आहे, उरलेली तेवढीच.’ प्रमाणाने गुन्हा पुसला जात नाही. तिसरा सगळ्यांत फसवा, ‘पोटातली कोण बघतं?’ गुजरातच्या कायद्यात पिऊन असणं हाही गुन्हा आहे. म्हणून निघायच्या आदल्या रात्रीच सगळं संपवा, आणि बसमध्ये चढण्याआधी घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मोठ्याने विचारावं. मामांनी विचारलं की भाचे खोटं बोलत नाहीत, निदान चेहरा तरी पडतो. परतभेटीच्या पिशवीत गंमत म्हणून छोट्या बाटल्या घालायची कल्पना यजमानांच्या डोक्यात आली तर ती तिथेच मोडा.

हद्द नकाशावर दिसते तशी जमिनीवर दिसत नाही. घोघल्याचा किनारा आणि अहमदपूर मांडवीचा किनारा एकाच वाळूचे. चालता चालता हातातल्या कॅनसकट माणूस गुजरातेत पोचतो. काही पाहुण्यांची राहायची सोय मांडवीच्या बाजूला झाली असेल तर त्यांना हे आधीच सांगा. भाड्याच्या स्कूटरवरही हेच. शिवाय लायसन्स नसलेल्या पोरांना स्कूटर देऊ नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगावं लागतं.

सोमनाथ आणि गीर त्याच दिवशी कोंबणं

सोमनाथ पश्चिमेला सुमारे ८५ किलोमीटर, जाऊन-येऊन चार तास प्रवासातच जातात. हळदीच्या दिवशी सकाळी निघालेली मंडळी हळद लागून गेल्यावर परततात आणि मग वर्षभर ऐकतात. परतीच्या वाटेवर घेऊ म्हटलं तर बडोद्याचा रस्ता पूर्वेला आहे. ज्यांना दर्शन घ्यायचंच आहे त्यांनी लग्न आटोपल्यावर वेगळी गाडी करून सोमनाथ गाठावं आणि वेरावळहून रेल्वेने घरी यावं. मंदिरात मोबाईल, कॅमेरा, पिशवी, चामड्याचा पट्टा काहीच नेता येत नाही. दहा जणांचं सामान जमा करण्यातच अर्धा तास जातो, म्हणून बहुतेक वस्तू गाडीतच ठेवाव्यात. आरत्या सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सात. मुख्य मंदिराजवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं मंदिर आहे, ते बहुतेक लोक पाहायचं विसरतात. वाटेतलं कोडिनार बडोदा संस्थानच्या अमरेली प्रांतात होतं, हे बसमधल्या आजोबांना विचारून पाहा. पुढचा अर्धा तास गप्पांचा होईल.

गीरची सफारी आयत्या वेळी मिळत नाही. परमिट ऑनलाइन काढावं लागतं, एका जिप्सी गाडीत सहा जण, आणि बुकिंगला दिलेलं ओळखपत्र मूळ प्रतीत दाखवावं लागतं. १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल बंद असतं. सासण दीवपासून शंभरेक किलोमीटर, सकाळची फेरी धरायची तर रात्रीच तिथे मुक्काम हवा. दोन दिवसांच्या लग्नात हे बसत नाही. सोडून द्या.

मेंदी, जरी आणि सूर्यास्त

मेंदी काढून दोन तासांत समुद्रात हात घातला की रंग फिका पडतो. एक दिवस तरी पाणी टाळावं. हळदीचे हात-पाय समुद्रात धुवायला मुलं धावतात, पण खारं पाणी उडून जरीच्या साड्यांवर डाग पडतात. पैठणी किनाऱ्यावर नेसायची असेल तर परतल्यावर लगेच सावलीत वाऱ्यावर पसरावी, घडी घालून बॅगेत कोंबू नये. बडोद्याहून नेलेली भाकरवडीही दमट हवेत मऊ पडते, घट्ट झाकणाचा डबा हवा.

सूर्यास्तासाठी आयएनएस खुखरीचं स्मारक चांगलं. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात ही नौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना त्यात वीरमरण आलं. तिथे बँडबाजा आणि नाचगाणं नको. लग्न गोरज मुहूर्तावर असेल तर हा सूर्यास्त आदल्या दिवशी, सीमांतपूजनाआधीच पाहून घ्यावा लागेल. आणि गुरुजींनी गोरज मुहूर्त बडोद्याच्या सूर्यास्तावरून काढलेला नाही ना, हे विचारून घ्या. दीव पश्चिमेला आहे. तिथे सूर्य बडोद्यापेक्षा साधारण दहा मिनिटं उशिरा बुडतो.