हेडलॅम्प वॉशरचा रिले बदलताय? आधी या चुका टाळा

हेडलॅम्प वॉशर म्हणजे हेडलाइटवर पाण्याचा फवारा मारणारी यंत्रणा, आणि रिले म्हणजे तिच्या पंपाला करंट जोडणारा, विजेवर चालणारा स्विच. ‘टक्’ वाजलं म्हणजे रिले चांगला, ही समजूत सगळ्यात महागात पडते. त्या आवाजाचा अर्थ एवढाच, की कॉइलला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) करंट मिळाला आणि आतली पट्टी ओढली गेली. पट्टी जिथे टेकते ते काँटॅक्ट जळून काळे पडले असतील, तरी आवाज खणखणीत येतो. पंपापर्यंत मात्र पुरेसा करंट जात नाही. मग धडधाकट पंप काढून नवा बसवला जातो आणि तक्रार जिथल्या तिथेच राहते.

साध्या चार पिनांच्या रिलेत 85 आणि 86 क्रमांकांच्या पिनांमध्ये कॉइल असते. तिचा रेझिस्टन्स 12 व्होल्टच्या रिलेत साधारण 70 ते 120 ओहम, म्हणजे ती जेमतेम 0.1 ते 0.17 अँपिअर घेते. 30 क्रमांकाच्या पिनेवर फ्यूजमधून बॅटरीचा सप्लाय येतो, तो 87 मधून पंपाला जातो. हेडलॅम्पचा पंप समोरच्या काचेच्या वॉशरपेक्षा बराच दांडगा असतो, म्हणून त्याला बहुतेक वेळा 20 ते 30 अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज दिलेला असतो. स्टिअरिंगजवळच्या लिव्हरला हा भार पेलत नाही. तो रिलेला फक्त इशारा देतो.

हात काळे करण्याआधी एक खात्री करा: बिघाड खरंच आहे का? हेडलाइट बंद असताना ही यंत्रणा सहसा चालतच नाही. बऱ्याच गाड्यांत दिवे लावल्यावर पहिल्यांदा लिव्हर ओढला की फवारा येतो, त्यानंतर थेट पाचव्या खेपेला. काहींत लिव्हर सेकंदभर धरून ठेवावा लागतो, तर काहींत टाकीतलं पाणी कमी झालं की हेडलॅम्पचा फवारा आपोआप बंद होतो. सेकंडहँड झेनॉनवाली (प्रखर गॅस-दिव्यांची) युरोपीय गाडी घेतलेल्यांची हमखास फसगत होते ती इथेच. (युरोपच्या नियमांनुसार 2000 ल्युमेनपेक्षा जास्त प्रकाशाच्या, झोत खाली असलेल्या डिप दिव्यांना वॉशर सक्तीचा, म्हणून तो झेनॉनसोबत येतो.)

दुसरी चूक: टायमर रिलेच्या जागी साधा रिले ठोकणे. दर पाचव्या खेपेचा हिशेब आणि फवारा किती वेळ मारायचा हे अनेक गाड्यांत रिलेच्या आतलं छोटं सर्किट ठरवतं. अशा रिलेला सहसा पाच किंवा जास्त पिना असतात. सॉकेटमध्ये बसतो म्हणून कुठलाही रिले चालेल असं नाही, कारण पिनांची मांडणी वेगळी असू शकते. साधा रिले लावून जुगाड केलाच, तर लिव्हर धरून ठेवाल तेवढा वेळ पंप धावतो, टाकी रिकामी होते आणि कोरडा फिरून पंप जळतो.

आता मोजमाप. टाकीत पाणी भरा, इंजिन चालू ठेवा, दिवे लावा. दुसऱ्याला लिव्हर ओढायला सांगून पंपाच्या कपलरवर (वायर जोडायच्या प्लगवर), कपलर न काढता, मागून मल्टिमीटर लावा. बॅटरीवर 13.8 आणि पंपावर 13.3 असेल तर ठीक. पंपावर 11 दिसले तर बाकीचे व्होल्ट वाटेत कुठेतरी मुरताहेत. मग पंप चालू असतानाच 30 आणि 87 मध्ये मोजा. तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आले तर काँटॅक्ट गेले. तिथे ठीक असेल, तर पंपाची अर्थ वायर (बॉडीला जोडलेली) आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा. पावसाळ्यात बंपरमागचा अर्थ बोल्ट गंजतो आणि शिव्या रिलेला बसतात. नळी न तुंबताही नोझल अर्धवट वर येऊन नुसतं गळतं, ते याचमुळे: नोझल पाण्याच्या दाबानेच वर येतं, आणि व्होल्ट पडले की दाबही पडतो.

रिले उपटल्यावर सॉकेट नीट बघा. 30 किंवा 87 भोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय, पिनेचा रंग निळसर झालाय? मग आतलं टर्मिनल सैल आहे. तिथे 0.1 ओहम जरी आला तरी 15 अँपिअरला 22 वॉट उष्णता तयार होते. नवा रिलेही तिथेच भाजेल. टर्मिनल बदला. पॉलिश पेपरने पीन घासू नका, वरचा मुलामा जातो आणि गंज लवकर धरतो.

फ्यूज वारंवार उडतोय म्हणून 20 च्या जागी 40 चा घालणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं. पंप अडकलाय का, वायर बॉडीला घासतेय का, ते शोधा.

रिलेवर आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असल्याचं चिन्ह असेल तर 85-86 ची अदलाबदल करू नका. कॉइल बंद होताना उसळणारा उलटा व्होल्टेज मारायला तो डायोड असतो, पण पोलॅरिटी (प्लस-मायनस) चुकली की तोच सरळ शॉर्ट करतो. नव्या गाड्यांत रिलेची कॉइल गाडीचं कंट्रोल युनिट (कॉम्प्युटर) चालवतं. तिथे जुना बल्बवाला टेस्ट लॅम्प लावला तर त्या युनिटचा आउटपुट जाऊ शकतो. मल्टिमीटरच वापरा.